उपदेश तिने पाळला होता

किशोरवयीन मुलींच्या गरोदरपणाचा विषय निघाला की महाराष्ट्रात एकच चित्र रंगवले जाते. शहरातली मुलगी, हातात मोबाईल, आईबाप कामावर, क्लासच्या नावाखाली मित्राबरोबर भटकंती, आणि मग व्हायचे तेच झाले. हे चित्र एकदा मनात बसले की उपायही तयारच असतात. मोबाईल काढून घ्या, संस्कारवर्ग भरवा, कायदा कडक करा, आणि शाळेत लैंगिक शिक्षणाचे नावही काढू नका. ग्रामसभेत, पालकसभेत, वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात आणि विधिमंडळातही हाच सूर लागतो. या सुराला उत्तर द्यायला हवे, कारण त्याच्या आधारे धोरण ठरते, आणि त्या धोरणाची किंमत ज्या मुली मोजतात त्या या चित्रात कुठेच नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली एक तर आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. देशाची सरासरी ६.८ टक्के. पुरोगामी म्हणून मिरवणारे आपले राज्य सरासरीच्याही वर आहे. त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के, बीडमध्ये ४३ टक्क्यांहून अधिक. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की दिसते ते असे: आपल्याकडची अल्पवयीन आई बहुतेक वेळा लग्न झालेली मुलगी असते. तिच्या गळ्यात मंगळसूत्र असते, आणि ते गावाच्या साक्षीने बांधलेले असते.

बीड, परभणी, जालना या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे मजुरी माणसागणिक धरत नाहीत, कोयत्यागणिक धरतात, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. हंगामाच्या तोंडावर त्याचे लग्न लावून दिले की घरात पूर्ण कोयत्याची उचल येते. मुलीच्या आईबापांची अडचण निराळी. ते दोघे सहा महिने फडात. वयात आलेली पोर गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यावी तर पाचटाच्या कोपीला धड दारही नसते. मग सोळाव्या वर्षी तिला उजवून टाकतात. कारखान्याच्या गेटवर, टोळी जमलेली असतानाच उरकलेल्या लग्नांना त्या भागात गेटकेन म्हणतात. या सगळ्यात मोबाईलचा दोष किती आणि उचलीचा किती, याचा विचार संस्कारवर्गाची मागणी करणाऱ्यांनी करावा.

आणि तिचे काय चुकले, हेही त्यांनी सांगावे. लग्नाआधी तिने कुणाकडे मान वर करून पाहिले नाही. वडीलधाऱ्यांनी ठरवलेल्या स्थळाला होकार दिला, होकार विचारला गेला असेल तर. वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे ही सासरची इच्छाही पुरी केली. संयम, आज्ञापालन, घराण्याची अब्रू, जे जे शिकवले ते सगळे तिने पाळले. तरीही सतराव्या वर्षी, अंगात रक्त नसताना, ती बाळंतपणाला सामोरी जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १५ ते १९ वयाच्या मुलींच्या मृत्यूंमागे गरोदरपण आणि बाळंतपणातली गुंतागुंत हे जगभरातल्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. गरोदरपणातले झटके, बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग, कमी वजनाचे बाळ हे धोके या वयात वाढतात. लग्न झालेले आहे म्हणून यातला एकही धोका कमी होत नाही.

२००७ साली केंद्राचा किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्राने शाळांतून थांबवला. पुस्तिकांतल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला होता. दोन वर्षांनी राज्यसभेच्या याचिका समितीने, वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखाली, शालेय लैंगिक शिक्षणाच्या विरोधात अहवाल दिला. लग्नाबाहेरचे शरीरसंबंध अनैतिक आहेत हे मुलांना शिकवावे, आणि एचआयव्ही किंवा गुप्तरोगांसारखे विषय घ्यायचेच तर अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात घ्यावेत, त्याआधी नको, असे समितीचे म्हणणे होते. बालविवाह बेकायदा आणि मुलीच्या प्रकृतीला घातक आहे हे विद्यार्थ्यांना सांगावे असेही तिने सुचवले, आणि ते योग्यच आहे. पण ज्या जिल्ह्यात जवळजवळ निम्म्या मुलींची लग्ने अठराच्या आत होतात, तिथे अकरावीच्या बाकावर कोण उरलेले असते? ज्या मुलीला ही माहिती सगळ्यांत आधी हवी, तिच्यापर्यंत ती कधीच पोचणार नाही, अशी ही व्यवस्था आहे. लग्नाआधी संबंध नकोत हा संदेश तर तिने ऐकण्याआधीच अमलात आणलेला आहे. तिला कळायला हवे ते वेगळेच: पाळी चुकली म्हणजे काय, दिवस कसे राहतात, ते राहू नयेत म्हणून काय करता येते, आणि नवऱ्याला नाही म्हणता येते.

माहिती दिली की मुले बिघडतात, हा दावा तपासून पाहिलेला आहे, आणि तो टिकलेला नाही. अमेरिकेत केवळ संयम शिकवणाऱ्या कार्यक्रमांवर सरकारने वर्षानुवर्षे पैसा ओतला. मग तिथल्या काँग्रेसच्या सांगण्यावरून त्यांचे मूल्यमापन झाले. २००७ साली त्याचा निष्कर्ष आला: ज्यांनी संयमाचे धडे घेतले आणि ज्यांनी घेतले नाहीत, त्या दोन्ही गटांत पहिल्या शरीरसंबंधाचे सरासरी वय सारखेच होते, १४.९ वर्षे. धड्यांनी काहीही बदलले नव्हते. इंग्लंडने १९९९ साली उलटी वाट धरली. शाळेत नातेसंबंधांचे आणि लैंगिकतेचे शिक्षण, तरुणांना संकोच न वाटता जाता येईल अशी केंद्रे, सहज मिळणारी गर्भनिरोधके, आणि प्रत्येक भागात या कामाची जबाबदारी असलेला एक अधिकारी. १९९८ साली तिथे १५ ते १७ वयाच्या दर हजार मुलींमागे सुमारे ४७ जणींना दिवस राहत होते. २०१४ पर्यंत हा आकडा निम्म्यावर आला. सगळे श्रेय त्या एका योजनेचे नाही, त्या काळात तिथला समाजही बदलत होता. पण मुलांना सांगितले म्हणून गरोदरपणे वाढली, असे काही तिथे घडले नाही.

खरे तर मराठी वाचकाला हे सांगण्यासाठी इंग्लंडला जाण्याची गरज पडू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. या कामापायी त्यांना गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसारासाठी सरकारने पावले उचलावीत असा ठराव आला तोही आंबेडकरांच्याच पक्षाकडून. तो फेटाळला गेला. तेव्हा विरोधकांनी मांडलेले मुद्दे, की याने स्वैराचार माजेल आणि नीती बुडेल, आज जसेच्या तसे ऐकू येतात. शंभर वर्षांत स्वैराचाराचा पुरावा कुणी आणला नाही. बाळंतपणात गेलेल्या मुलींचा हिशेब मात्र मांडता येतो.

दुसरा सूर कायद्याचा. गुन्हे दाखल करा, जरब बसेल. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. अल्पवयीन मुलीवर अत्याचार करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असंख्य मुलींना बोलायचे बळ दिले. बालविवाह लावणाऱ्यांवरही कारवाई हवी. पण कायदा दवाखान्याच्या दारात उभा केला की काय होते, ते बारकाईने पाहायला हवे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते. बाकावर ओळीने बायका बसलेल्या, एकेकीचे वजन, रक्तदाब, बोटातून रक्त. त्या ओळीत सतरा वर्षांची एक मुलगी सासूच्या आडोशाला बसलेली असते. वय विचारले की उत्तर सासू देते: एकोणीस. आधार कार्ड घरी राहिले. नर्सबाईंना चेहऱ्यावरून वय कळते. डॉक्टरांनाही कळते. सोनोग्राफी करायची तर एफ फॉर्म भरावा लागतो, त्यात वय लिहावे लागते. खरे वय लिहिले तर पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक, न कळवल्यास डॉक्टरलाच शिक्षा. कळवले की नवरा आत. बाळंतपणाच्या तोंडावर कमावता माणूस तुरुंगात, आणि सगळ्या गावात बोट तिच्याकडे. म्हणून पुढच्या महिन्यात ती येतच नाही. जिला सगळ्यांत जास्त तपासण्यांची गरज, तीच तपासणीपासून पळते, आणि कळा सुरू झाल्यावर थेट जिल्हा रुग्णालयात पोचते, पोचली तर. ज्याने लग्न ठरवले, ज्याने लावले, ज्याने जेवणावळीला हजेरी लावली, त्यांच्यापैकी कुणालाही या जरबेची झळ बसलेली नसते. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची नेमणूक आहे. लग्न थांबवण्याची वेळ होती तेव्हा यंत्रणा गप्प राहिली, आणि आता गरोदर मुलीच्या तपासणीच्या खोलीत ती जागी होते.

लग्न न झालेल्या मुलींची गोष्टही इथेच सांगायला हवी. एन्फोल्ड या संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांतले पॉक्सोचे ७,०६४ निकाल तपासले, तेव्हा त्यातले १,७१५ प्रेमसंबंधांचे निघाले. साधारण चारातला एक. अशा मुलीला दिवस राहिले तर ती सरकारी दवाखान्यात येण्याआधी दहादा विचार करते. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार अल्पवयीन मुलीला पालकाची लेखी संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीने आणि त्याखालच्या नियमांनी तिला २४ आठवड्यांपर्यंत मुभा दिली. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली: मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. हा निकाल प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर मराठीत लावायला हवा होता. तसे होत नाही, आणि मुली मेडिकलवाल्याकडून कुणाकरवी तरी गोळ्या मागवतात. २०१५ सालच्या आकडेवारीवर आधारलेल्या, लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या वर्षी भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश आरोग्य संस्थांच्या बाहेर घेतलेल्या गोळ्यांनी. देशातल्या एकूण गर्भधारणांपैकी सुमारे निम्म्या ठरवून झालेल्या नव्हत्या. एवढ्या मोठ्या गरजेवर गुन्हा दाखल करणे हे उत्तर असूच शकत नाही.

आता आरोग्य खात्याकडे वळतो, कारण सगळा दोष उपदेशकांच्या माथी मारणे बरोबर नाही. शाळेतल्या किशोरींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. गरोदर बाईला रोज लाल गोळी मिळते. निळ्या गोळीच्या वेळी ती विद्यार्थिनी असते, लालच्या वेळी माता. मधल्या काळात, म्हणजे शाळा सुटली, लग्न ठरले, हळद लागली, सासरी गेली, पहिली पाळी चुकली, या सगळ्या महिन्यांत, तिच्या दारात कुणी येत नाही. शाळा सोडलेल्या मुलींना अंगणवाडीतून निळी गोळी मिळावी अशी योजना आहे, पण परक्या गावच्या अंगणवाडीत नव्या सुनेला कोण ओळखते? २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. आपल्याकडे मैत्री क्लिनिक आहेत. पण ती रुग्णालयाच्या एखाद्या खोलीत, आणि तिथवर एकटीने जाण्याची परवानगी या मुलीला नाही. आशाताईंकडे २०११ पासून घरपोच गर्भनिरोधके आहेत, रुपया-दोन रुपयांत. आशाताई घरी येतात, दारात सासू असते, आणि पहिले मूल होण्याआधी पाळणा लांबवण्याची गोष्ट सासूसमोर काढणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. म्हणून आशाताई पहिल्या बाळंतपणानंतर बोलायचे ठरवतात. अठराच्या आत लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत तोवर उशीर झालेला असतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक माणसांकडून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. बालविवाह बेकायदा आहे. मग अल्पवयीन विवाहितेला सरकारने गर्भनिरोधके दिली तर सरकारच त्या लग्नाला मान्यता देते, असे होत नाही का? नाही. तीच मुलगी गरोदर झाली की सरकार तिला धनुर्वाताची लस देते, लाल गोळ्या देते, रुग्णवाहिका पाठवते, तिचे सिझेरियन करते. तेव्हा कुणालाच मान्यतेचा प्रश्न पडत नाही, आणि पडूही नये. बाळंतपण करून देताना जो प्रश्न पडत नाही तो बाळंतपण पुढे ढकलताना का पडावा? लग्न थांबवणे ही पहिली जबाबदारी. त्यात आपण हरलो, तर त्या हरण्याची शिक्षा मुलीच्या गर्भाशयाला देऊ नये. सतराव्या वर्षीचे मूल एकविसाव्या वर्षी झाले, तर तिची हाडे भरलेली असतील, रक्त वाढलेले असेल, कदाचित दहावीची परीक्षाही झालेली असेल, आणि नवऱ्याच्या घरात बोलण्याइतका आवाज तिला आलेला असेल.

हे होऊ शकते याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडला इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. आठवड्यातून पाच संध्याकाळी तासभर, शिकवणाऱ्या गावातल्याच बायका, विषय शरीर, आरोग्य, कायदे, पैशाचे व्यवहार. १९९७ ते २००१ या काळात त्या भागातले मुलींच्या लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष म्हणजे थोडे वाटते. पण त्या चार वर्षांत कुणी पोलीस पाठवले नव्हते आणि कुणाचे मोबाईल काढून घेतले नव्हते. आईबापांना पोरीला रोज तासभर पाठवायची एक जागा मिळाली, आणि पोरीला दुसऱ्या पोरींसमोर तोंड उघडायची सवय लागली. २००७ साली सातारा जिल्हा परिषदेने नवविवाहित जोडप्यांसाठी योजना आणली. पहिले मूल दोन वर्षे लांबवले तर पाच हजार रुपये, तीन वर्षे लांबवले तर साडेसात हजार. वर्तमानपत्रांनी तिला हनिमून पॅकेज म्हणून हसण्यावारी नेले. माझ्या मते त्या योजनेत रकमेपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची होती: नव्या जोडप्याच्या घरी लग्नानंतर लगेच जाण्याचे आणि सासूसमोर विषय काढण्याचे निमित्त आरोग्यसेविकेला मिळाले. पैशाचे नाव निघाले की विषय उघडपणे बोलता येतो, हे आपल्या घरांचे वास्तव आहे आणि त्याचा उपयोग करून घ्यायला हवा.

नवऱ्यांविषयीही बोलायला हवे. पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. म्हणजे आपले कुटुंबनियोजन असे चालते: लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणे, मग पंचविशीच्या आगेमागे ऑपरेशन. मधल्या काळात तांबी, गोळ्या, निरोध यांना जागाच नाही. बीडमध्ये हे पुढे कुठवर जाते ते २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आले. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, आणि त्यातल्या १३ हजार ८०० हून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे आणि अंगावरच्या दुखण्यांमुळे खाडा पडू नये, दंड भरावा लागू नये, म्हणून. ज्या शरीराला सोळाव्या वर्षी कुणी काही सांगितले नाही, त्या शरीरावर तिशीत शस्त्रक्रिया होते. मध्ये एकदाही सल्ल्याची वेळ आलेली नसते.

म्हणून यंदाच्या हंगामाआधी, मुकादमांनी टोळ्या ट्रॅक्टरवर चढवण्याच्या आत, काही गोष्टी करून दाखवाव्यात. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये जाहीर झालेली संत भगवान बाबा वसतिगृहे सगळ्या तालुक्यांत सुरू करावीत, आणि त्यातली मुलींची आधी. सहा महिने सुरक्षित छप्पर मिळाले तर सोळाव्या वर्षी उजवण्याचे निम्मे कारण संपते. सातवी-आठवीच्या वर्गात पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधन आणि नकार या चार गोष्टी मुलामुलींना एकत्र शिकवाव्यात, त्यासाठी अकरावीची वाट पाहू नये. आशाताईंना नव्या सुनेच्या घरी पहिल्या महिन्यात जाण्याचे काम द्यावे, त्याचे मानधन द्यावे, आणि नवऱ्याशी बोलायला पुरुष आरोग्यसेवकाला बरोबर पाठवावे. साखर कारखान्यांच्या तळावर आठवड्यातून एक दिवस फिरता दवाखाना उभा राहावा, त्यात तांबी बसवण्याची सोय असावी, आणि त्याचा खर्च गाळपाच्या हिशेबात कारखान्याने धरावा. उचल देताना कोयता म्हणजे जोडपे ही अट मुकादमाने घालू नये, दोन भाऊ किंवा बाप-लेक यांनाही तीच उचल मिळावी, हे साखर आयुक्तांनी कारखान्यांकडून लिहून घ्यावे. गाळप परवान्याचे अर्ज त्यांच्याच कार्यालयात येतात.